प्रकाशाची वेस

जर्मनीतील येना या विद्यापीठाच्या गावी एर्न्स्ट आबे या पदार्थवैज्ञानिकाचे एक स्मारक आहे. स्मारकावर एरवी वीरांची नावे असतात, सुभाषिते असतात; या स्मारकावर मात्र गणिताचे एक सूत्र कोरलेले आहे. सूत्र लहान आहे, पण त्याचा आशय मोठा आहे. दोन वस्तूंमधील अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून कमी झाले, की सूक्ष्मदर्शकाचे भिंग कितीही निर्दोष असो, त्या दोन वस्तू दोन म्हणून दिसावयाच्या नाहीत; त्यांचा मिळून एकच अस्पष्ट ठिपका दिसेल. मनुष्याच्या दृष्टीला निसर्गाने घातलेली ही वेसच म्हणावयाची. या वेशीपाशी विज्ञान सुमारे शंभर वर्षे थांबून राहिले आणि मग काही चिकाटीच्या माणसांनी तिच्यापलीकडे जाण्याच्या वाटा शोधून काढल्या.

सतराव्या शतकात हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाण्याच्या थेंबातील जीवसृष्टी प्रथम पाहिली. तेव्हापासून दोनशे वर्षे एकच समजूत रूढ होती: भिंग अधिक चांगले झाले, की अधिक बारीक दिसेल. येना येथील कार्ल झाइस यांच्या कारखान्यात त्या काळी सूक्ष्मदर्शकाची भिंगे कारागिरांच्या हातगुणावर आणि अनुभवावर तयार होत. या कामाला शास्त्राचा आधार मिळावा म्हणून झाइस यांनी १८६६ साली आबे यांना आपल्याबरोबर घेतले. आबे हे सूतगिरणीतील कामगाराचे चिरंजीव. वडिलांचे चौदा-चौदा, सोळा-सोळा तासांचे कष्ट त्यांनी लहानपणी पाहिले होते, आणि पुढे त्याच कारखान्याची सूत्रे हाती आल्यावर १९०० साली त्यांनी तेथे आठ तासांचा दिवस सुरू केला. असा हा मनुष्य भिंगांचे गणित करू लागला, तेव्हा त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. प्रकाश घेण्याचे तोंड लहान ठेवून गणिताने आखलेली निर्दोष भिंगे जुन्या, सदोष पण रुंद तोंडाच्या भिंगांपेक्षा कमी तपशील दाखवीत होती! अर्थात उणीव कारागिराच्या हातात नव्हती. ती प्रकाशाच्या स्वभावातच होती. १८७३ साली आबे यांनी हा निष्कर्ष शब्दांत मांडला.

प्रकाश हा लाटांचा बनलेला आहे, आणि लाट आपल्याहून फार लहान वस्तूची दखल घेत नाही. खाडीच्या पाण्यात बांबूची एखादी काठी रोवलेली असावी. येणारी मोठी लाट तिला वळसा घालून पुढे जाते आणि किनाऱ्यावर पोचलेल्या त्या लाटेकडे पाहून वाटेत काठी होती की नव्हती, हे कोणालाही सांगता येत नाही. तेथेच एखादा मोठा तराफा उभा असेल, तर त्याच्या आडोशाला पाणी शांत झालेले लगेच ओळखू येते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. म्हणजे आबे यांची मर्यादा साधारणतः २०० नॅनोमीटरपाशी येऊन पडते. सामान्य जीवाणू एक हजार नॅनोमीटरांच्या आसपास असतो, म्हणून तो दिसतो. पुष्कळसे विषाणू शंभराच्या घरात असतात, म्हणून त्यांचे रूप दिसत नाही. आणि ज्या प्रथिनांच्या हालचालींवर पेशीचे सारे जीवन चालते, ती तर केवळ काही नॅनोमीटरांची असतात. याचा अर्थ असा, की ज्या अंगणात जीवनाचा खरा व्यवहार घडतो, नेमके तेच अंगण या वेशीच्या पलीकडे राहिले.

यावर एक तोड १९३१ साली बर्लिनमध्ये निघाली. रुस्का आणि क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरून सूक्ष्मदर्शक उभा केला. इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी अतिशय लहान, त्यामुळे कालांतराने विषाणूंची आकृतीही त्यातून स्पष्ट उमटली. परंतु सर्वसाधारणपणे त्यासाठी नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो आणि त्याचे अत्यंत पातळ काप घ्यावे लागतात. अशा अवस्थेत पेशी जिवंत राहत नाही. तिचा सांगाडा दिसतो. तिचा संसार दिसत नाही. जिवंत पेशीला फारसा धक्का न लावता तिच्यात डोकावता येईल असा दूत एकच, आणि तो म्हणजे साधा प्रकाश. म्हणून प्रश्न पुन्हा त्याच वेशीपाशी येऊन थांबला.

विज्ञानातील मर्यादा बारकाईने वाचावी लागते. दस्तऐवजात जशा अटी असतात, तशा प्रत्येक नियमाच्या पोटातही काही अटी असतात. आबे यांच्या नियमातली पहिली अट अशी, की पाहणारे भिंग वस्तूपासून अनेक तरंगलांबी दूर आहे. ही अट हेरली एडवर्ड हचिन्सन सिंज या आयरिश गृहस्थाने. प्रसिद्ध नाटककार जे. एम. सिंज यांचा हा पुतण्या. १९२८ सालच्या फेब्रुवारीत कलकत्त्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी विखुरलेल्या प्रकाशात रंग बदलतो हा शोध लावला, आणि त्याच वर्षी सिंज यांनी आपला विचार आइन्स्टाइन यांना पत्राने कळवून नंतर प्रसिद्ध केला. अपारदर्शक पडद्याला तरंगलांबीहून पुष्कळ लहान असे छिद्र पाडावे, ते वस्तूच्या अगदी लगत न्यावे, आणि त्यातून येणाऱ्या प्रकाशाने वस्तूवरून ओळीमागून ओळ फिरत जावे. प्रकाशाला पसरावयास अवकाशच मिळाला नाही, तर चित्राचा बारकावा छिद्राच्या आकारावर ठरेल, तरंगलांबीवर नव्हे! विचार बिनतोड होता. परंतु इतके लहान छिद्र पाडणे आणि ते इतके जवळ स्थिर धरणे, हे त्या काळच्या हत्यारांना शक्य नव्हते. सिंज यांच्या आयुष्याची अखेरची दोन दशके मनोरुग्णालयात गेली. १९५७ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांची ही कल्पना जवळजवळ कोणाच्याच स्मरणात नव्हती.

१९७२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ॲश आणि निकोल्स यांनी हेच तत्त्व तीन सेंटीमीटर लांबीच्या सूक्ष्मलहरींवर पडताळून पाहिले आणि तरंगलांबीच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा करून दाखविला. दृश्य प्रकाशाची पाळी १९८४ मध्ये आली. झुरिकजवळच्या आयबीएम प्रयोगशाळेत डीटर पोल आणि त्यांचे सहकारी यांनी जे यंत्र बांधले, त्याला त्यांनी ‘प्रकाशाचा स्टेथोस्कोप’ म्हटले. उपमा मार्मिक आहे. हृदयाच्या ठोक्यांच्या ध्वनिलहरी कित्येक मीटर लांब असतात. तरीही डॉक्टर छातीवर नळी ठेवतो आणि आवाज कोठून येतो हे काही सेंटीमीटरांच्या आत सांगतो. तो दुरून ऐकत नाही, लगत जाऊन ऐकतो, हेच त्याचे इंगित.

या कामी भारतीय कर्तृत्वाचाही एक धागा विणला गेला आहे, आणि तो धागा खरोखरच काचेचा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या तंतूंच्या जुडीतून चित्र पलीकडे नेता येते हे दाखविले. त्यांचा निबंध १९५४ साली प्रसिद्ध झाला. प्रकाश वाहून नेणाऱ्या तंतूंची विद्या पुढे वाढत गेली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एरिक बेट्झिग नावाच्या तरुण संशोधकाने असाच एक तंतू तापवून ताणला, त्याला सुईसारखे टोक आणले, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा दिला आणि टोकाशी शंभर नॅनोमीटरांहूनही लहान असे छिद्र ठेवले. १९२८ सालचे सिंज यांचे स्वप्न १९९१ साली असे व्यवहारात उतरले. दोन वर्षांनी बेट्झिग यांनी या सुईने सुटे सुटे रेणूही पाहिले.

परंतु सुई फक्त पृष्ठभागावरून फिरू शकते. पेशीच्या आत शिरू शकत नाही. आपण धरलेली वाट जिवंत पेशीच्या दारापर्यंत जाते, आत जात नाही, हे उमगल्यावर बेट्झिग कमालीचे निराश झाले. त्यांनी प्रयोगशाळा सोडली. १९९५ साली पुढच्या वाटेचा एक कच्चा आराखडा प्रसिद्ध केला आणि मग ते मिशिगन प्रांतात वडिलांच्या यंत्रांच्या कारखान्यात कामाला लागले. तेथे कित्येक वर्षे खपून त्यांनी एक नवे यंत्र तयार केले. त्याची विक्री झाली फक्त दोन नगांची. चाळिशी उलटलेला, हाती नोकरी नसलेला आणि विज्ञानातील ओळखी तुटलेला हा मनुष्य पुन्हा प्रयोगशाळेत येईल, असे कोणाला वाटले असते?

इकडे युरोपात दुसरा एक तरुण वेगळ्याच बाजूने याच वेशीवर धडका देत होता. स्टेफान हेल यांचा जन्म रुमानियातील अराद येथे १९६२ साली झाला; १९७८ साली ते कुटुंबासह पश्चिम जर्मनीत आले. हायडेलबर्गला डॉक्टरेट मिळाली, पण आबे यांची मर्यादा मोडू पाहणाऱ्याला नोकरी कोण देणार! काही काळ आजीआजोबांनी दिलेल्या पैशांवर त्यांनी दिवस काढले. अखेर फिनलंडमधील तुर्कू येथे त्यांना आसरा मिळाला. तेथे १९९३ सालच्या शरदात एक पाठ्यपुस्तक चाळताना उद्दीपित उत्सर्जनाच्या प्रकरणावर त्यांची नजर थबकली. हे तत्त्व मुळात आइन्स्टाइन यांचे. उत्तेजित झालेल्या रेणूवर विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश टाकला, तर तो रेणू आपली ऊर्जा त्याच प्रकाशात टाकून देतो आणि मग स्वतःच्या नेहमीच्या रंगाने चमकत नाही. याचा अर्थ प्रकाशाने रेणू पेटविता येतात, तसे विझविताही येतात!

रांगोळी घालणाऱ्या सुवासिनीच्या हातून ठिपका जरा मोठा पडला, तर ती काय करते? बोट ओले करून ठिपक्याची कड चोहोबाजूंनी पुसते. मध्यभागी हवा तेवढाच बारीक बिंदू उरतो. हेल यांनी नेमके हेच योजिले. एका किरणाने अनुस्फुरण पावणारे रेणू उजळावयाचे. हा ठिपका आबे यांच्या नियमाप्रमाणे दोनशे नॅनोमीटरांचाच पडणार. त्यावर लगेच दुसरा, मध्ये पोकळ असलेला, कंकणाकृती किरण टाकून कडेचे रेणू विझवावयाचे. मध्यावर जे थोडेसे चमकत राहतील, तेवढेच टिपून पुढे सरकावयाचे. ही कल्पना १९९४ साली प्रसिद्ध झाली. हेल १९९७ मध्ये गटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत गेले. तेथे प्रयोग यशस्वी झाल्यावरही त्यांचा निबंध दोन अग्रगण्य नियतकालिकांनी परत पाठविला; तो तिसरीकडे २००० साली छापून आला.

तिसरा धागा एकेकट्या रेणूचा. १९८९ साली कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत विल्यम मोर्नर आणि त्यांचे सहकारी लोथार काडोर यांनी अतिशीत स्फटिकात अडकलेल्या एका रेणूने प्रकाश शोषल्याची खूण प्रथम टिपली. तोवर रसायनशास्त्र अब्जावधी रेणूंच्या सरासरीवर चालत असे. आता एक रेणू एकटा ओळखता येऊ लागला. पुढे मोर्नर यांनी हिरव्या अनुस्फुरणाच्या प्रथिनाकडे लक्ष वळविले. हे प्रथिन ओसामू शिमोमुरा यांनी एका जातीच्या जेलीफिशमधून वेगळे केले, ते १९६२ साली. या प्रथिनाचा एकेक रेणू सतत जळत न राहता उघडझाप करतो आणि ही उघडझाप प्रकाशाने काबूत ठेवता येते, असे मोर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९७ मध्ये आढळले. २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉर्ज पॅटरसन आणि जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांनी त्याचे असे रूप घडविले, की विशिष्ट प्रकाश पडेपर्यंत ते निद्रिस्त राहावे आणि तो पडताच जागे होऊन चमकू लागावे.

ही वार्ता कानी आली, तेव्हा बेट्झिग आणि बेल प्रयोगशाळेतील त्यांचे जुने स्नेही हॅराल्ड हेस नोकरीविनाच होते. १९९५ सालच्या आराखड्यात जी एक गोष्ट उणी होती, ती या प्रथिनाने पुरी केली. समजा, रात्रीच्या वेळी दूरच्या डोंगरावरून कोणी देवळातील दीपमाळ पाहतो आहे. सगळ्या पणत्या एकदम तेवत असतील, तर त्याला प्रकाशाचा एकच लोळ दिसेल. पण पुजाऱ्याने एक पणती लावावी, ती विझवून दुसरी लावावी, मग तिसरी; आणि पाहणाऱ्याने प्रत्येक वेळी उजेडाचा मध्य कागदावर टिंबाने मांडावा. पहाटेपर्यंत त्याच्या कागदावर साऱ्या दीपमाळेची आकृती उमटेल. एकट्या ज्योतीचा उजेड कितीही पसरट दिसला, तरी त्याचा मध्य फार बारकाईने काढता येतो. गणित सांगते, की रेणूकडून शंभर प्रकाशकण मिळाले तर त्याच्या स्थानाची अनिश्चितता दहा पटींनी घटते. दहा हजार मिळाले तर शंभर पटींनी. बेट्झिग आणि हेस यांनी स्वतःच्या पदरचे पैसे घालून हे यंत्र हेस यांच्या घरच्या दिवाणखान्यात जुळविले, मग ते लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत नेले, आणि २००६ साली पेशीच्या अंतर्भागाची अपूर्व चित्रे प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये श्यावेई ज्वांग यांनीही रंगद्रव्याचे रेणू वापरून अशीच पद्धत स्वतंत्रपणे सिद्ध केली. २०१४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बेट्झिग, हेल आणि मोर्नर यांना विभागून मिळाले.

अशा प्रयोगशाळेतील दिनक्रम कसा असतो, हेही ध्यानी घेतले पाहिजे. सूक्ष्मदर्शक ज्या जड मेजावर ठेवतात, ते मेज दाबलेल्या हवेच्या पायांवर तरंगत असते. कारण शेजारून कोणी चालत गेले, तरी त्याचे पाऊल चित्रात उमटते. दहा सेंटीमीटर लांबीची पोलादी पट्टी एका अंशाने तापली, तर सुमारे बाराशे नॅनोमीटर वाढते. म्हणजे आबे यांच्या मर्यादेच्या सहापट! तेव्हा खोलीचे तापमान सांभाळावे लागते आणि नमुन्यात सोन्याचे बारीक कण पेरून ठेवावे लागतात. खलाशी जसा ध्रुवावर नजर ठेवून आपले गलबत कोठे भरकटले ते ओळखतो, तसे संशोधक त्या कणांवरून आपले यंत्र किती सरकले ते ओळखतात. अंधाऱ्या खोलीत हजारो चित्रे एकामागून एक टिपली जातात, तेव्हा त्यांतून एक चित्र तयार होते.

या खटाटोपातून काय हाती आले? एकच उदाहरण पुरे आहे. मज्जापेशीचा लांब तंतू संदेश वाहून नेतो. कित्येक पिढ्यांनी तो सूक्ष्मदर्शकातून न्याहाळला होता. २०१३ साली ज्वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नव्या पद्धतीने पाहिला, तेव्हा पडद्याच्या आतल्या बाजूस ॲक्टिन या प्रथिनाची कडी, पिंपाला पट्ट्या ठोकाव्यात तशी, सारख्या अंतरावर बसविलेली दिसली. दोन कड्यांमधील अंतर होते सुमारे १९० नॅनोमीटर. वेशीच्या जेमतेम एक पाऊल पलीकडे ही रचना उभी होती. म्हणून इतक्या वर्षांत प्रकाशात ती कोणालाही दिसली नव्हती.

मग आबे यांचे म्हणणे खोटे ठरले काय? मुळीच नाही. हेल यांच्या किरणाचा ठिपका आजही आबे यांच्या सूत्राइतकाच रुंद पडतो. बेट्झिग यांच्या रेणूचा उजेडही तितकाच पसरतो. नियम अभंग आहे. त्यात गृहीत धरलेल्या अटी तेवढ्या या संशोधकांनी एकेक करून सोडविल्या. भिंग दूरच असले पाहिजे, ही अट सिंज यांनी सोडविली. सगळे रेणू एकाच वेळी चमकले पाहिजेत, ही अट हेल आणि बेट्झिग यांनी सोडविली. ज्याने नियम नीट वाचला, त्यालाच त्यातील मोकळी जागा सापडली. ज्यांनी केवळ नियमाचा धाक बाळगला, ते अलीकडेच राहिले.

पलीकडे गेल्यावरही किंमत चुकती करावी लागतेच. प्रखर प्रकाशाने रेणू कायमचे विझतात आणि जिवंत पेशीला इजा पोचते. चित्र जितके सूक्ष्म हवे, तितका वेळ अधिक लागतो. शिवाय प्रथिनाला ओळखीसाठी जी चमकणारी खूण बांधावयाची, ती खूणच कधी कधी प्रथिनापेक्षा मोठी असते. यासाठी काही संशोधक खूण न बांधता पाहण्याच्या प्रयत्नात आहेत, आणि तेथे १९२८ सालचे दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. सिंज यांनी आइन्स्टाइन यांना प्रथम लिहिले होते ते सोन्याच्या सूक्ष्म कणाविषयी. रामन यांनी दाखविले होते, की विखुरलेल्या प्रकाशातील बदललेला रंग रेणूची ओळख सांगतो. रामन यांचा हा प्रकाश अत्यंत क्षीण असतो. पण धातूच्या तीक्ष्ण टोकाशी तो अनेक पटींनी वाढतो, हे २००० सालाच्या सुमारास प्रयोगाने सिद्ध झाले. २०१३ मध्ये चीनमधील हफै येथील संशोधकांनी या मार्गाने एकाच रेणूच्या आतील भागाचे चित्र एक नॅनोमीटरहूनही सूक्ष्म तपशिलाने काढले.

आयर्लंडमधील एक विस्मृत गृहस्थ आणि कलकत्त्यातील एक विश्वविख्यात संशोधक यांची आयुष्यात कधी भेट झाली नाही. त्यांच्या विचारांची भेट व्हावयास सत्तर वर्षे लागली, आणि ती झाली सोन्याचांदीच्या एका टोकाशी, जे डोळ्यांना दिसतही नाही. ज्ञानाच्या क्षेत्रात पेरणारा आणि कापणी करणारा पुष्कळदा वेगळा असतो. समाजाच्या हाती एवढेच असते, की पेरलेले बी वाया जाणार नाही इतकी ओल जमिनीत टिकवून धरावी, आणि वेशीबाहेर एकटाच उभा असलेला जो मनुष्य वेड्यासारखा पलीकडे बोट दाखवितो, त्याच्या बोटाच्या दिशेने एकदा तरी पाहावे.